स्टोमाधारकांचे पाणी आणि मीठ
(बसवनगुडी, बंगळूर येथे रुग्ण व कुटुंबीयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यापैकी काहीजण पोटावर स्टोमाची पिशवी बाळगून येथे आला आहात, तर काहीजण अशा रुग्णाची काळजी वाहणारे आहात. रुग्णाला थकवा आला की घरातील मंडळी मायेने म्हणतात, "पाणी भरपूर प्या." ज्यांना इलिओस्टोमी आहे, त्यांच्यासाठी हा सल्ला अपुरा आहे; कधी तो अपायकारकही ठरतो.

निरोगी माणसाचे मोठे आतडे दररोज सुमारे एक ते दीड लिटर पाणी आणि त्याबरोबरचे मीठ शोषून घेते. इलिओस्टोमीत लहान आतडे पोटावर उघडते, त्यामुळे मोठ्या आतड्याचे हे काम थांबते आणि पाणी व सोडियम दोन्ही पिशवीत उतरतात. अशा स्थितीत पेल्यामागून पेले नुसते पाणी प्यायल्यास शरीरातील सोडियम आतड्यात ओढले जाते आणि त्यापाठोपाठ पाणीही जाते. पिशवी अधिक भरते, तहान वाढते, रुग्ण पुन्हा पाणी पितो. चहा-कॉफीचेही तसेच. गांधी बाजारातील फिल्टर कॉफी कायमची सोडा, असे मी म्हणणार नाही. पण तिला तहानेवरचा उपाय मानू नये.

उपाय आहे तो जलसंजीवनीचा, म्हणजेच ओआरएसचा. लहान आतडे ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आत घेते आणि सोडियमबरोबर पाणी येते. 1971 साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर पटकीच्या असंख्य रुग्णांना वाचवले. पुडीवर जेवढे पाणी लिहिले आहे तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात ती पूर्ण विरघळवावी, दिवसभर घोट घोट घ्यावी आणि 24 तासांनंतर उरलेले द्रावण टाकून द्यावे. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र छापलेले आहे ना, हे पाहून घ्यावे. ओआरएस हे नाव मिरवणाऱ्या गोड पेयांना ते नाव वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली, ती योग्यच होती; जास्त साखर आतड्यात पाणी खेचते.

आपल्या या भागात रामनवमीला पानक आणि मज्जिगे वाटतात. स्टोमाधारकाने पानकाचा घोटभर प्रसाद घ्यावा आणि मीठ घातलेले ताक पेलाभर प्यावे. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम पुष्कळ, परंतु सोडियम थोडे असते. म्हणून ते जलसंजीवनीची जागा घेऊ शकत नाही. पेज, भात, केळे यांनी पिशवीतील स्राव दाट होण्यास मदत होते. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मिठाचे आणि द्रवांचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

बंगळूरची हवा फसवी आहे. समुद्रसपाटीपासून 900 मीटरवरील या शहरात घाम लवकर वाळतो, आणि आपण पाणी गमावत आहोत हे कळत नाही. म्हणून तहानेवर विसंबू नये, मापावर विसंबावे. घरात एक खुणांचे भांडे पिशवीसाठी वेगळे ठेवावे आणि दिवसाचा स्राव वहीत लिहावा. साधारण अर्धा ते एक लिटर स्राव अपेक्षित असतो. तो दीड लिटरच्या वर गेला, तर त्याच दिवशी दवाखान्याशी संपर्क साधावा. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ही वही विशेष मोलाची असते, कारण नव्या इलिओस्टोमीच्या रुग्णांना पुन्हा दाखल व्हावे लागते ते पुष्कळदा शरीरातील पाणी घटल्यानेच. कोलोस्टोमी असलेल्यांना हा धोका कमी असतो. जुलाब लागल्यास मात्र त्यांनीही सावध राहावे.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर स्राव वाढताच डॉक्टरांना तसे सांगावे. जुलाब थांबवणारे औषध मनाने घेऊ नये. लघवी गडद व अगदी थोडी होणे, उठताना भोवळ येणे, पायांत गोळे येणे, किंवा उलट्यांमुळे द्रावण पोटात न टिकणे, यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी रुग्णालय गाठावे, आणि ती वही सोबत न्यावी.