बिनतारी म्हणजे कोणती तार गेली?



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस आणि महागाईभत्ता यांवरच बोलणार, असे आपण धरून चालता. आज मी बोलणार आहे घरातल्या स्पीकरांविषयी. शाळा माझी लवकर सुटली. विजेचे जे थोडे कळते ते पुस्तके वाचून आणि वायरमन मंडळींच्या शेजारी बसून कळले.

पुष्कळ घरांत हल्ली टीव्हीभोवती ५.१ चा संच असतो. समोर तीन स्पीकर, मागे दोन, आणि बिंदूनंतरचा तो एक केवळ खर्जाचा. तक्रार असते ती मागच्या दोघांची. त्यांची तार खोली ओलांडून जाते. म्हातारी माणसे तीत अडखळतात. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायची चोरी. मग 'बिनतारी' हा शब्द कानावर येतो, आणि माणूस चांगले चालते स्पीकर मोडीत घालून हप्त्याने नवा संच आणतो. तो खर्च बहुधा टाळता येतो.

स्पीकरच्या तारेतून दोन गोष्टी जातात: निरोप आणि बळ. काय वाजवायचे हा निरोप. आणि स्पीकरचा पडदा हलवायला लागते ते बळ. हे बळ अँप्लिफायर देतो. हवेतून जातो तो फक्त निरोप. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडची घंटा विद्युतलहरींनी वाजवून दाखविली. पण घंटा बडविण्याची ताकद लहरींनी वाहून नेली नव्हती. लहरींनी इशारा दिला. घंटेला वीज तिथल्याच बॅटरीची होती. आपल्या दिवाणखान्यातही न्याय तोच.

तेव्हा करायचे ते असे. रिसीव्हरच्या मागच्या स्पीकरांसाठी असलेल्या टोकांना एक छोटा ट्रान्समीटर जोडावा. तो स्पीकरची टोके घेणारा आहे ना, हे दुकानात विचारून घ्यावे. खोलीच्या मागच्या बाजूला त्याचा जोडीदार ठेवावा, ज्याच्या पोटातच अँप्लिफायर असतो. त्याच्यापासून दोन्ही जुन्या स्पीकरांना आखूड तारा द्याव्यात. लाल टोकाला लाल, काळ्याला काळे. स्पीकर किती ओहमचा हे त्याच्या पाठीवर लिहिलेले असते. तेवढ्या ओहमला तो अँप्लिफायर चालतो का, हे पाहावे. आणि एका अँप्लिफायरची स्पीकरची टोके दुसऱ्याच्या टोकांना कधीही जोडू नयेत, दोन्ही जळतील.

मागच्या अँप्लिफायरला विजेचा प्लग लागतोच. म्हणजे खोली ओलांडणारी तार गेली, भिंतीजवळ दुसरी आली. बॅटरीवरचा स्पीकर घेतला, तर तो चार्जिंगला लावण्याचे काम घरातल्या कुणाच्या तरी गळ्यात पडते.

आता उशिराचा प्रश्न. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. साध्या ब्लूटूथमध्ये पुष्कळदा १०० ते २०० मिलिसेकंद उशीर होतो. म्हणजे मागचा स्पीकर जणू ३४ ते ६८ मीटर दूर, पुढच्या गल्लीत ठेवलेला! समोर दार वाजते आणि मागून त्याचा प्रतिध्वनी आल्यासारखे वाटते. म्हणून या कामासाठी खास बनविलेली, २० मिलिसेकंदांच्या आसपास उशीर असलेली जोडी मागावी. तेवढा उशीर म्हणजे सुमारे ७ मीटर. रिसीव्हरमध्ये सोय असेल, तर मागचे स्पीकर आहेत त्याहून ७ मीटर लांब आहेत असे त्याला सांगावे. तो समोरचा आवाज तेवढा थोपवून धरतो.

या जोड्या बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच गर्दी करतात. आवाज तुटला तर ट्रान्समीटर त्यांच्यापासून दूर सरकवावा.

आणि जिथे भिंतीच्या कडेने चपटी तार नेता येते, तिथे वायरमनला बोलावून ती न्यावी. ते स्वस्त पडते, उशीर नाही, आणि एका कारागिराच्या हाताला काम मिळते.

कारखान्यात नवे यंत्र आले की आम्हांला सांगतात, चार माणसांचे काम नाहीसे झाले. आम्ही विचारतो, ते गेले कुठे? पुष्कळदा ते उरलेल्या पाचव्याच्या पाठीवर सापडते. दुकानात 'बिनतारी' ऐकल्यावर आपणही विचारा: कोणती तार गेली, आणि तिचे काम आता कोण करणार? उत्तर मिळाले तर पैसे मोजा.