करीत नाही की करता येत नाही?



दादरच्या चाळीतील एका खोलीचे बिऱ्हाड डोळ्यांसमोर आणावे. तेथेच स्वयंपाक, तेथेच पाहुणा, आणि तेथेच कोपऱ्यात आठ वर्षांचा मुलगा गृहपाठास बसविलेला. दोन ओळी लिहून तो उठतो. पेन्सिल हरवते. आईने सांगितलेल्या तीन कामांपैकी एक करून तो गॅलरीत रमतो. वडील त्यास उनाड ठरवितात; शेजारी आईच्या वळणास दोष देतात. खेड्यातील घरीही याहून निराळे घडत नाही.

चांचल्य हा बाल्याचा धर्मच होय. परंतु ते वयाच्या मानाने फार अधिक असेल, बारा वर्षांच्या आत दिसू लागले असेल, सहा महिन्यांहून अधिक टिकले असेल आणि घर व शाळा या दोन्ही ठिकाणी मुलाचे काम त्यामुळे अडत असेल, तर तज्ज्ञाकडून तपासणी अवश्य करावी. वैद्यकशास्त्रात एडीएचडी, म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलता, या नावाचा विकार आहे. काही मुले, विशेषतः मुली, धावपळ न करता नुसत्याच हरवल्यासारख्या बसतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

1902 साली लंडन येथे डॉ. जॉर्ज स्टिल यांनी आपल्या व्याख्यानांतून अशा मुलांचे वर्णन केले. बुद्धी शाबूत असूनही त्यांना आवर घालता येत नाही, हे त्यांनी ओळखले. मात्र त्यास नैतिक संयमाचा दोष मानले. आज हा विकार मेंदूच्या विकासाशी आणि बव्हंशी आनुवंशिकतेशी निगडित मानला जातो. आपल्या घरांतून मात्र अद्याप जुनाच निवाडा दिला जातो. मूल ‘करीत नाही’ असे समजून मार बसतो. वस्तुतः त्यास ‘करता येत नाही’. माराने अवधान वाढत नाही. भीती आणि असत्य मात्र वाढते.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1936 साली दादर येथे शिशुविहार सुरू केले. ते या विकारासाठी नव्हते. परंतु मुलाचे हात व पाय शिक्षणाचे शत्रू नव्हेत, हा माँटेसोरी पद्धतीचा विचार येथे उपयोगी पडतो. अभ्यासापूर्वी मुलास शिवाजी पार्कवर, गावी अंगणात, मनसोक्त धावू द्यावे. एका वेळी एकच सूचना, जवळ जाऊन, थोडक्या शब्दांत द्यावी. दहा मिनिटांचे काम, मग पाणी आणण्यासारखे हालचालीचे काम, असा क्रम ठेवावा. दप्तराची जागा व झोपेची वेळ ठरलेली असावी. जमलेल्या गोष्टीचे तत्काळ कौतुक करावे. कधी कधी आई किंवा वडील यांचाही स्वभाव तसाच असतो. तेव्हा भिंतीवर लिहिलेला दिनक्रम साऱ्या घरास सावरतो.

निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. प्रथम दृष्टी व श्रवण यांची तपासणी व्हावी. शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास आपली निरीक्षणे लेखी द्यावीत. मुंबईत परळचे केईएम व शीवचे लोकमान्य टिळक या महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. औषधाचा निर्णय तेथील तज्ज्ञांनीच घ्यावा.

पालकसभेत अशा मुलाच्या आईस सर्वांसमक्ष गाऱ्हाणे ऐकवू नये. तिला बाजूस बसवून आधी मुलाचा एक गुण सांगावा, मग अडचण. शाळा आपल्या बाजूची आहे हे उमगले, की ते घर मुलाच्या बाजूस येण्यास वेळ लागत नाही.