राजीनाम्याचा मनोदय आणि कर्मचाऱ्याचे हक्क

दिल्लीतील एखादा कर्मचारी दोन महिन्यांनी नोकरी सोडण्याचा विचार वरिष्ठांना सांगतो आणि दुसऱ्याच दिवशी त्याला कामावरून कमी केले जाते. अशा वेळी नोकरी कोणी संपवली, या प्रश्नाच्या उत्तरावर त्याचे हक्क अवलंबून असतात.

गोपालचंद्र मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये असे तत्त्व मांडले की, पुढील तारखेपासून दिलेला राजीनामा ती तारीख येईपर्यंत मागे घेता येतो. लेखी राजीनाम्याची ही स्थिती असेल, तर केवळ तोंडी मनोदयाने नोकरी संपत नाही, हे उघड आहे. मालकाने त्याआधीच काढल्यास ती मालकाने केलेली सेवासमाप्ती होय.

दिल्ली दुकाने व आस्थापना कायदा, १९५४ च्या कलम ३० नुसार तीन महिने सलग सेवा झालेल्या कर्मचाऱ्यास, गैरवर्तनाचे प्रकरण नसल्यास, एक महिन्याची लेखी नोटीस अथवा तेवढे वेतन द्यावे लागते. गुरुग्राम हरियाणात, तर नोएडा उत्तर प्रदेशात असल्याने तेथे त्या त्या राज्याचा कायदा पाहावा लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली औद्योगिक संबंध संहिता मात्र सर्वत्र समान आहे. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगारास कपातीच्या वेळी नोटिशीखेरीज प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन मिळते. व्यवस्थापकीय कर्मचारी या व्याख्येबाहेर असल्याने त्यांची भिस्त प्रामुख्याने नियुक्तिपत्रावर राहते. थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत देण्याचे बंधन वेतन संहितेत आहे.

म्हणूनच अशा प्रसंगी राजीनाम्यावर सही मागितली जाते. स्वेच्छेने राजीनामा दिल्यास कपातीची भरपाई मिळत नाही; सही दबावाखाली झाली, हे नंतर कर्मचाऱ्यालाच सिद्ध करावे लागते.

प्रामाणिक पूर्वसूचनेला शिक्षा मिळू लागली, तर पूर्वसूचना कोणीच देणार नाही. त्यात अंतिमतः उद्योगाचेही नुकसानच आहे.