घर दोघांचं, खातं कुणाचं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



दीड वर्षापूर्वी एक बाई आमच्या सल्ला केंद्रात आली. अंगावर वळ नव्हते. "नवरा हात उगारत नाही, पण त्याला सगळं कळतं," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. दुपारी कोण येऊन गेलं, आईशी फोनवर काय बोलणं झालं, सगळं त्याला नोकरीच्या गावी बसून ठाऊक. तिला वाटायचं, सासू चुगली करते. सासूला वाटायचं, सूनच काहीतरी लपवते. दोघींत अबोला. खरा चुगलखोर होता दिवाणखान्यातला कॅमेरा. "चोरांची भीती नको" म्हणून त्याने गणपतीत घरी आला तेव्हा बसवलेला. त्यातून आवाजही जातो, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

मी विचारलं, "मग बंद का करत नाहीस?" ती म्हणाली, "एकदा वायर काढली होती. दोन मिनिटांत फोन आला, का बंद केलास म्हणून." माझा प्रश्न किती भाबडा होता ते तेव्हा उमगलं.

ही यंत्रं चालतात कशी ते समजून घेऊ. कॅमेरा, दाराचं डिजिटल कुलूप, आवाजावर चालणारा स्पीकर. यातली बहुतेक नुसती विकत आणून चालत नाहीत. आधी मोबाईलवर कंपनीचं ॲप घ्यायचं, फोन नंबर किंवा ई-मेल देऊन खातं उघडायचं. खातं उघडणारा तो मालक. घरातलं चित्र, आवाज, दार किती वाजता उघडलं त्याची नोंद, हे सारं कंपनीच्या यंत्रणेतून त्याच्या मोबाईलवर जातं. बाकीच्यांना काय दिसावं तेही तोच ठरवतो. काही कॅमेरे तर असे, की जुन्या खात्यातून काढल्याशिवाय दुसऱ्याच्या नावावर लागतच नाहीत.

ओळखीचं वाटतं ना? राबायचं तिने, सातबारा त्याच्या नावावर. नव्वदच्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करा, असं पुरुषांना सांगितलं. आता घरात नवा सातबारा आलाय. तो तलाठ्याकडे नाही, कंपनीकडे आहे.

हे फक्त आपल्याकडचं नाही. इंग्लंडमध्ये २०१८ साली एका माणसाला तुरुंगवास झाला. घरातले दिवे आणि हीटर चालवण्यासाठी भिंतीवर लावलेल्या टॅबलेटमधून तो दुरावलेल्या बायकोचं बोलणं ऐकत होता. आणि डोकावणारा नवराच असतो असंही नाही. रिंग या कॅमेरा कंपनीचा एक कर्मचारी बायकांच्या बेडरूममधली, बाथरूममधली चित्रणं पाहत होता, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये ठेवला. कंपनीने ५८ लाख डॉलर भरण्याचं मान्य केलं.

आता आपल्या चळवळीकडे येते. "हा आमचा घरातला मामला आहे," हे वाक्य आपण वर्षानुवर्षं पोलीस ठाण्यात ऐकलं. घराच्या खाजगीपणाचा तो पडदा फाडण्यासाठी भांडलो, तेव्हा २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला. मग आज आपणच खाजगीपणा कसा मागतो? मागतो, कारण तेव्हाचा खाजगीपणा घराचा होता, म्हणजे घरमालकाचा. आपण मागतोय तो बाईचा, घराच्या आतसुद्धा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. खाजगीपणाच्या नावाखाली बायकांवरची हिंसा झाकली जाऊ नये, हा स्त्रीवाद्यांचा आक्षेपही त्या निकालात विचारात घेतला आहे. पण वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा पाहा. एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या वा घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर तो लागू नाही. कंपनीला जाब विचारता येईल, नवऱ्याला नाही. कायदा पुन्हा उंबरठ्यावरच थांबला. म्हणून आपल्याला २००५ च्याच कायद्याकडे जावं लागतं. त्यात कॅमेऱ्याचा उल्लेख नाही, पण भावनिक छळाचा आहे. अर्जात पाळतीचे प्रसंग तारीखवार लिहा.

कामाच्या काही गोष्टी. बाई आली की विचारा, घरात कोणती यंत्रं आहेत आणि खातं कुणाच्या नंबरावर आहे. "काढून टाक" असा सल्ला घाईने देऊ नका. काढल्याचं त्याला लगेच कळतं आणि धोका वाढतो. आधी सुरक्षित जागा ठरवा, पुरावा जपा. आपल्याला फोन करायचा तो घराबाहेरून, शक्यतो दुसऱ्याच्या फोनवरून. घर वेगळं झालं की वायफायचा पासवर्ड त्याच दिवशी बदला.

एक प्रश्न स्वतःलाही विचारू. आपल्यापैकी कुणाकुणाच्या घरी कामाच्या ताईंवर लक्ष ठेवायला स्वयंपाकघरात कॅमेरा आहे? त्यांना विचारलं होतं का?

त्या बाईचं पुढे काय झालं? नवऱ्याला केंद्रात बोलावलं. "घर माझं, कॅमेरा माझा," म्हणाला. तेव्हा सासूबाई उठल्या. "मी पण त्याच खोलीत निजते रे," एवढंच बोलल्या. तो गप्प झाला. कॅमेरा आता दाराबाहेर, जिन्याकडे तोंड करून आहे. सासू-सुना बोलू लागल्या आहेत. खातं मात्र अजून त्याच्याच नावावर आहे, आणि आमचं काम तिथे संपलेलं नाही.