घरातला थोरला : डॉ. वेंकटस्वामी
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले व्याख्यान)



कुटुंबवत्सल म्हटले की बायकामुलांत रमलेला गृहस्थ आपल्या डोळ्यांसमोर येतो. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांनी लग्नच केले नाही. तरीही त्यांच्याइतका कुटुंबवत्सल डॉक्टर शोधून सापडणे कठीण. ते म्हणजे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी. सारे त्यांना 'डॉ. व्ही.' म्हणत.

1 ऑक्टोबर 1918 रोजी तामिळनाडूतील वडमलापुरम या खेड्यात, शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पाच भावंडांत ते थोरले. 1944 साली मद्रासच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि सैन्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. त्यांना व्हायचे होते प्रसूतितज्ज्ञ. पण ऐन तिशीत संधिवाताने असे गाठले की कित्येक महिने अंथरुणाला खिळून राहावे लागले. बोटे कायमची वाकडी झाली, हातात पेन धरवेना. प्रसूतिशास्त्राचा नाद सोडावा लागला. मग त्यांनी नेत्रशास्त्र घेतले आणि त्याच वाकड्या बोटांना शस्त्र धरायला शिकवले. पुढे त्या बोटांनी एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या.

त्याच सुमारास वडील वारले आणि घराची जबाबदारी अंगावर आली. भावंडांची शिक्षणे, बहिणींची लग्ने, सारे त्यांनी पाहिले. स्वतःचा वेगळा संसार मांडलाच नाही. धाकटी बहीण नाच्चियार त्यांच्याहून वीसएक वर्षांनी लहान. तिला त्यांनी डॉक्टर केले. मंडळी, नोकरीसाठी गाव सोडून दर महिन्याला घरी मनिऑर्डर पाठवणारा थोरला भाऊ आपल्यापैकी अनेकांच्या घरात होऊन गेला आहे. म्हणून हे चित्र आपल्याला परके वाटू नये.

1976 साली ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. आता आराम करावा, असे कोणीही म्हटले असते. त्यांनी मदुराईत भाड्याच्या घरात 11 खाटांचे रुग्णालय काढले. नाव दिले श्रीअरविंदांचे. तेच अरविंद, जे पूर्वी आपल्या बडोद्यात गायकवाड सरकारच्या सेवेत होते. पैसा नव्हता. घर गहाण पडले, घरातल्या बायकांचे दागिनेही गेले. डॉ. नाच्चियार आणि त्यांचे पती डॉ. नंपेरुमाळस्वामी शस्त्रक्रियेला उभे राहिले. अभियंता असलेले भाऊ श्रीनिवासन यांनी बांधकाम आणि हिशेब सांभाळला.

येथे एक प्रश्न मनात येतो. ज्यांना वाढवले, त्यांच्याकडून इतके मागावे का? पगार तुटपुंजा, कामाचे तास दुप्पट, बाहेर खाजगी व्यवसायात मिळणारा पैसा सोडायचा. घरच्यांना हे सोपे गेले नाही. पण एक गोष्ट त्यांना दिसत होती. थोरला भाऊ स्वतः पगार घेत नव्हता, पेन्शनवर भागवत होता. मागणारा आधी स्वतः देत होता, म्हणून त्याच्या मागण्याला घरात मान होता. पुढे या घराण्यातील तीसहून अधिक माणसे त्या कामात आली.

कामाची पद्धतही घरातल्यासारखीच, काटकसरीची. शस्त्रक्रियागृहात दोन टेबले; एका रुग्णाची शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्याची तयारी पूर्ण. खेड्यातल्या मुलींना शिकवून परिचारिका केले, त्यामुळे डॉक्टरांचा वेळ डॉक्टरांच्याच कामाला लागला. ज्यांना परवडते त्यांनी पैसे द्यायचे, त्यातून गरिबांची शस्त्रक्रिया मोफत. डॉक्टर मात्र दोघांना तेच. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायचे भिंग परदेशातून येई आणि गरिबाला परवडत नसे. 1992 साली त्यांनी 'ऑरोलॅब' काढून ते भिंग येथेच, कितीतरी कमी किमतीत तयार केले.

7 जुलै 2006 रोजी डॉ. व्ही. गेले. 1973 सालची पद्मश्री त्यांच्या नावामागे होती, पण खरी मिळकत म्हणजे पुन्हा दिसू लागलेली लाखो माणसे. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी बहुतेक वेळा परत येते. आजी आता हाताने चाचपडत भात वाढते, म्हातारपण म्हणून आपण सोडून देतो. प्रत्यक्षात ती थोड्या वेळाच्या शस्त्रक्रियेने सुईत दोरा ओवू शकेल. डॉ. व्हीं.ना परक्याच्या घरातली अशी आजीही आपलीच वाटली. त्यांचे कुटुंब एवढे मोठे होते.

आपण गावापासून दूर राहणारी माणसे. गावी फोन करताना आपण प्रकृती विचारतो. यंदा आईवडिलांना नीट दिसते का, हेही विचारा. आणि नुसते विचारून थांबू नका, तपासणीला घेऊन जा. थोरल्याचे कर्तव्य तेवढ्याने तरी सुरू होईल.

गणपती बाप्पा मोरया!