स्वप्न की जागेपण?
(भिवंडीतल्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



बाई जरा वेगळं बोलली की घरचे म्हणतात, "स्वप्नात आहेस का?" आज मी अशाच एका स्वप्नाची गोष्ट सांगणार आहे.

बेगम रुकैया सखावत हुसेन या बंगालच्या लेखिका. सगळे झोपल्यावर थोरल्या भावाने त्यांना चोरून इंग्रजी शिकवलं. १९०५ साली मद्रासच्या एका मासिकात त्यांची 'सुलतानाचं स्वप्न' ही इंग्रजी कथा आली. सुलताना खोलीत बसून हिंदुस्थानातल्या बायकांचा विचार करते आहे. डोळा लागला की नाही, तिलाच ठाऊक नाही. तेवढ्यात एकजण येऊन तिला बाहेर नेते. रस्त्यावर साऱ्या बायकाच. पुरुष पडद्यात. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर. एकविसाव्या वर्षाआधी कुणाचं लग्न नाही. सुलताना बिचकत चालते, तर बायका हसतात: ही पुरुषासारखी लाजते!

झोप लागली की नाही, हे रुकैयांनी मोघम का ठेवलं? नुसतं स्वप्न म्हटलं असतं, तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं. मोघम ठेवल्याने आपल्यालाच प्रश्न पडतो. पुरुष कोंडलेले वाचून हसू येतं, मग बायका कोंडलेल्या बघून कुणालाच काही कसं वाटत नाही?

मराठीत काशीबाई कानिटकरांची 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी १९२८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात बायका संस्थानाचा कारभार चालवतात, तोही जागेपणी. त्यांनी स्वप्नाचा आडपडदाच ठेवला नाही.

आता आपल्या भिवंडीकडे बघा. माग बारा-बारा तासांच्या पाळ्यांत धडधडतात, ते सगळ्यांना ऐकू येतं. पण घरात बसून धाग्याचं काम करणारी बाई? "ती घरीच असते" म्हणतात. तिचे दुखणारे खांदे खरे, पण हिशेबात ती कामगार नाही. जिचं खरंखुरं काम असं नाहीसं करता येतं, तिच्या स्वप्नाला खोटं म्हणण्याचा अधिकार कुणाला?

कथेच्या शेवटी सुलताना पुन्हा आपल्या खुर्चीतच असते. रुकैया मात्र बसून राहिल्या नाहीत. १९११ साली त्यांनी कलकत्त्यात मुलींची शाळा काढली आणि घरोघर जाऊन मुली गोळा केल्या.

गटाच्या बैठकीत आपण अडचणी मांडतो, मांडायलाच हव्यात. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एक स्वप्नही मांडावं. कुणी हसायचं नाही. आणि त्यातलं एक तरी आपण ठराव म्हणून लिहून घेऊ या.