मुख्य कोणते, गौण कोणते?



पंचांगात कधी कधी एकादशी दोन दिवशी छापलेली असते. पहिली स्मार्त, दुसरी भागवत. आपल्या रत्नागिरीत दोन्ही पाळणारी घरे आहेत, आणि त्यापायी कोणी सोयरीक मोडल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही. म्हणजे ही बाब गौण म्हणावयाची. पण ज्याच्या घरी भागवत एकादशी चालत आली, त्याला आदल्या दिवशी उपास करावयास सांगून पाहा! गौण म्हणजे क्षुल्लक नव्हे, एवढे ध्यानी ठेवून आम्ही आजच्या विषयाकडे वळतो.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा ख्रिस्ती मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांत बिशप मानणारे अँग्लिकन होते, तसे बिशपावाचून शेकडो वर्षे चालवलेलेही होते. बिशपाचा प्रश्न कसाबसा सुटला : पद सर्वांनी स्वीकारावे, त्याचा अर्थ काय लावावयाचा ते ज्याचे त्याने पाहावे. खरे अडले ते बाप्तिस्म्यापाशी.

आपल्या गावी ज्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने काम केले, त्या पंथात तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतात. माणसाला समज येण्याआधीच देवाची कृपा त्याच्यापाशी पोचलेली असते, अशी त्यांची धारणा. बॅप्टिस्ट म्हणतात, ज्याला विश्वास म्हणजे काय हेच कळत नाही त्याचा बाप्तिस्मा कसला? मूल देवाला अर्पण करा, आशीर्वाद मागा. जाणते झाल्यावर ते स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करील, तेव्हा त्याला पाण्यात उतरवा. दोघांचा आधार एकच बायबल. त्यांच्यात निवाडा कोणी द्यावा?

नागपूरच्या मंडळींनी तो दिलाच नाही. दोन्ही रीती एकाच चर्चमध्ये चालतील, असे त्यांनी ठरवले. ज्या पाळकाचे मन अर्भकाला बाप्तिस्मा देण्यास घेत नाही, त्याच्यावर सक्ती नाही. मात्र त्याने दुसरा पाळक बोलवावा, आईबापांना विन्मुख पाठवू नये. आम्हांला ही तोड फार प्रामाणिक वाटते. 'सारे सारखेच आहे' असे म्हणून वेळ मारून नेणे सोपे होते. ते कोणी केले नाही.

तरीही एक गाठ उरलीच. लहानपणी बाप्तिस्मा झालेला माणूस चाळिशीत म्हणतो, 'तो मला कळला नव्हता, आता मला स्वतः घ्यावयाचा आहे.' द्यावा, तर पहिला खोटा ठरतो. नाकारावा, तर त्याच्या सदसद्विवेकावर दगड ठेवल्यासारखे होते. अशी प्रकरणे बिशपाकडे न्यावीत, असे ठरले. याला कोणी पळवाट म्हणेल. आम्ही म्हणत नाही. काही प्रश्न नियमाने सुटत नसतात, समोरचा माणूस पाहूनच सोडवावे लागतात. सगळ्यांनाच हा मार्ग रुचला असेही नाही. वाटाघाटीत असलेली दक्षिण आशियातील मेथॉडिस्ट मंडळी 1970 मध्येच ऐन वेळी बाहेर राहिली.

आपल्या जिल्ह्यात करजगावी जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तर याच्याही पुढे गेले होते. अभंग, भजन, कीर्तन त्यांनी देवळात आणले, ते पुष्कळांना रुचले. पण 1917 साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेल्यांबरोबर न झालेल्यांनाही जागा ठेवली. बाप्तिस्मा केव्हा व कसा, हा वाद त्यांच्या लेखी मागे पडला. ख्रिस्ताचा माणूस व्हावयाला तो हवाच का, असा सवाल त्यांनी पुढे केला. तेथे मात्र त्यांचे स्नेहीसुद्धा बिचकले. टिळक 1919 साली गेले, दरबार त्यांच्यामागे फार दिवस टिकला नाही. नागपूरला एकत्र आलेल्या मंडळ्यांनी बाप्तिस्म्याची रीत गौण मानली. खुद्द बाप्तिस्मा गौण मानावयास त्यांच्यापैकी कोणीच तयार नव्हते.